चौसष्ट सालचा संच

खेळाडूंचे फोटो छापलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचं विक्री-प्रदर्शन होतं, ओहायोतल्या आमच्या गावच्या अग्निशमन केंद्रात. रांगेत माझ्यापुढे व्हर्लिन आणि त्याची बहीण लोर्ना. दोघंही सत्तरी ओलांडलेले.

"लोर्ना, बावन्न सालचा संच घ्यायचा तर घर विकावं लागेल. चौसष्टचा परवडेल."

"त्यातही कोपरे झिजलेला घे. कोण बघतंय?"

"माझा कोराकरकरीत होता, बुटांच्या खोक्यात. मी सैन्यात गेलो आणि आईने कचऱ्यात टाकला."

"या रांगेतला प्रत्येक म्हातारा हेच सांगतो."

"म्हणून तर भाव चढलेत. आयांना काय कळतंय त्यातलं."

"तिला कळत होतं. दर वसंतात, सामने सुरू झाले की खोकं काढून पुसायची. व्हर्लिन येईल न्यायला, म्हणायची."

"मग टाकलं कशाला?"

"तिने नाही टाकलं. तू तिच्या मातीला आला नाहीस, त्या संध्याकाळी मी टाकलं."

"चाळीस वर्षं मी आईला बोल लावतोय. तू एका शब्दाने सांगितलं नाहीस."

"महिन्याने तुझा फोन आला, तेव्हा तू खोक्याचं विचारलंस. तिचं विचारलं असतंस, तर सगळंच सांगितलं असतं."