छान म्हटलं होतं ते चहाला

हॅलो?... हो, थेल्माच बोलतेय. कोण, बेरिल?... अगं हळू, कान फुटेल माझा... काय आलंय?... पत्रक? कसलं पत्रक?... थांब, दारात काहीतरी पडलंय खरं. सकाळपासून मळ्यात होते मी. चिखलाचे बूटसुद्धा काढलेले नाहीत अजून...

हां, सापडलं. 'ऑल्डरविकची नवी वसाहत, तीनशे चाळीस घरं'... हो, आपल्याच भाड्याच्या मळ्यांवर. बरं, मग?... फोटो? कुठला...

अगंबाई.

...

हो. मीच आहे.

हो, हातात केक आहे. दिसतंय मला, बेरिल, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं... खालचंही वाचलं. 'गावकऱ्यांकडून मनापासून स्वागत.'

अगं, समोर कुणी कॅमेरा धरला की माणूस हसतो! रडत उभी राहू का?... नाही, केक बिल्डरचा नव्हता. माझाच. लिंबाचा... हो, मीच करून नेला होता!... कंपनीच्या सभेत विरोध करायला गेले होते म्हणून काय झालं? चर्चच्या हॉलमध्ये रिकाम्या हातानं गेलीयेस का तू कधी जन्मात?... मग!

अभिप्रायाच्या वहीत?... वहीत मी काय लिहिलं ते तुला कुणी सांगितलं?... छापलंय? कुठे?... मागच्या पानावर. थांब, चष्मा...

'खूप छान, धन्यवाद. थेल्मा, चौदा नंबरचा मळा.'

...अगं, ते चहाला म्हटलं होतं! ती कंपनीची पोरगी, इमोजेन, कुडकुडत उभी होती बिचारी. हीटर बंद, ओठ निळे. तिनं वही पुढे केली. मी काय लिहायचं, 'तुमचं वाटोळं होवो'?...

हो का? आणि तू काय लिहिलंस?... नाही, सांग, सांग... 'उपयुक्त माहिती मिळाली.' वा! वा बेरिल! आणि मला शिकवतेस...

आणि फॉर्म? फॉर्म भरलास ना? त्यात 'नको' असा चौकोन कुठे होता का?... नव्हता ना? छपरं लाल हवीत की करडी, एवढंच. तू कशावर खूण केलीस?... लाल! बघ. मी करडीवर. आपण दोघींनी छपराचा रंग सांगितला म्हणजे आपल्याला घरं हवीत, असं धरलंय त्यांनी. शंभरातल्या एक्क्याण्णव लोकांचा पाठिंबा आहे म्हणे... उरलेले नऊ? चष्मा विसरून आलेले असतील.

...काय म्हणालीस?

डग्लस बोलणार? आज? का?... माझा चेहरा पत्रकावर आला म्हणून?... मळ्यांच्या समितीनं ठरवलं! मीही समितीतच आहे की. मला कुणी विचारलं?... अच्छा. म्हणून तुला फोन करायला बसवलं. गोड बोलून समजूत काढ म्हणाले असतील...

नाही, तू ऐक आता. आज सात वाजता कौन्सिलमध्ये आपल्या बाजूनं एकच माणूस बोलणार. तीन मिनिटं. मग मतदान, की संपलं. ती तीन मिनिटं माझी आहेत. डग्लसचं काय जाणार आहे? गेल्या वर्षी मळा घेतला त्यानं, आणि पिकवलं काय, तर चार मुळे!... एकतीस वर्षं, बेरिल. माझ्या क्लिफर्डनं लावलेलं प्लमचं झाड आहे तिथे. तो गेला त्या वर्षी फळांनी फांदी मोडली, तेव्हा दोरी घेऊन तूच धावत आली होतीस ना बांधायला?... हं. मग नकाशात त्या झाडाच्या जागी काय आहे बघितलंस?... गाड्यांचं पार्किंग.

नाही, वाईटबिईट काही वाटत नाहीये मला. राग आलाय. चांगला सणसणीत राग आलाय.

अगं, घरं नकोत असं कोण म्हणतंय? माझी नात नवऱ्याला घेऊन अजून आईच्या माळ्यावर राहतेय. स्टेशनमागचा कारखाना दहा वर्षं बंद पडलाय, बांधा की तिथे! आमचे बटाटे उपटूनच बांधायला हवं का?...

मला 'नाही' म्हणता येत नाही? कोण म्हणतं?... तो कुत्रा? हो, सांभाळला. सहा आठवडे... आणि जेफ्रीचा भोपळ्याचा मुरंबा... हो, घेते दरवर्षी बारा बाटल्या. ठेवल्यात गॅरेजमध्ये... बरोबर आहे तुझं. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काही खोटं नाही. भीड धरता धरता मळा जायची वेळ आली.

पण आज...

थांब. बेल वाजली... पडद्याआडून बघते... अगंबाई, तीच! इमोजेन. हातात फुलं आहेत. आणि एक कागद... नाही, ठेवू नकोस फोन. ऐक तू, मी हातातच धरते.

ये, इमोजेन. भिजलीस की गं... फुलं? कशाला उगाच... हो, पाहिलं पत्रक. फोटो चांगला आलाय, हो... काय राहिलं?... परवानगीची सही? म्हणजे पत्रक घरोघरी वाटून झालं, आणि सही आत्ता?... बरं. संध्याकाळी कौन्सिलसमोर पडद्यावर मोठा करून दाखवायचाय, म्हणून... इथे, खाली. हो, दिसतेय रेघ...

...श्श, बेरिल! ओरडू नकोस, तिला ऐकू येतंय.

नाही.

नाही, पोरी. सही करणार नाही मी... विचार कसला करायचा? झाला करून... हे बघ, तू गुणी मुलगी आहेस, तुझ्यावर राग नाही माझा. पण तुझ्या साहेबांना जाऊन सांग, थेल्माबाईंनी छान म्हटलं होतं ते चहाला. वसाहतीला त्या नाही म्हणतायत. आणि तो फोटो पडद्यावर दिसला, तर तिथल्या तिथे उठून उभी राहीन मी... फुलंही ने परत. हो, फुलंसुद्धा...

छत्री नाही आणलीस?... ती घे, खुंटीवरची हिरवी. उद्या आणून दे... अगं, छत्री वेगळी, सही वेगळी. जा आता. सांभाळून, पायरी निसरडी आहे.

...

बेरिल? आहेस ना?... ऐकलंस?... 'नाही' म्हटलं मी!... तू रडतेयस काय?... वेडी कुठली.

बरं, डोळे पूस आणि ऐक. डग्लसला सांग, तीन मिनिटं थेल्माची... मी नाही, तूच सांगायचं. तो म्हणेल, 'बघा हं, मी आपला तयार आहे', तेव्हा काय म्हणशील?... 'बघते' नाही! पुन्हा... मोठ्यानं... हां! असंच 'नाही' म्हण त्याला.

आणि वहीत ज्यांनी ज्यांनी छान लिहिलंय, त्या सगळ्यांना फोन कर. सातला यायचं, झाडून सगळ्यांनी. मी उभी राहिले की त्यांनीही उभं राहायचं. बोलायचं काही नाही, नुसतं उभं राहायचं. मोजू दे त्यांना आता, शंभरात किती ते...

हो, हो... काय म्हणालीस? तू काय आणू?

नाही, बेरिल.

लिंबाचाही नाही. आज कुणीही केक आणायचा नाही. ठेवते.