स्पीकरखालच्या चपला

नाही नाही, ती पिशवी टेबलावर नको, ऋतुराज — दाराशीच राहू दे. नव्या चपला आहेत, माहितीय मला. माझाच व्हिडिओ बघून आणल्यास ना? पट्टे काढा, तळवे कापा, स्पीकरच्या कोपऱ्यांखाली सरकवा, टेबल थरथरायचं थांबतं, महागड्या पॅडची गरज नाही — पाठच झालाय तुला. बस तिथं.

मला काय वाटलं होतं सांगू? जर्मनीहून ध्वनिमुद्रण शिकून परत आले तेव्हा वाटलं होतं, सिडकोतल्या या खोलीत असे आवाज येतील की जे आजवर कुणी नीट टिपलेच नाहीत. आणि आलं कोण? तुझ्यासारखे! भाऊंच्या वाढदिवसाचं गाणं — 'तनुजाताई, बास वाढवा, छातीत धडकला पाहिजे.' धडकतोय की! त्यात हे टेबल, आमच्या अप्पांनी हौसेनं बनवून घेतलेलं, वरून चकचकीत सनमायका, आतून पोकळ डबा. खालचा सूर लागला की टेबलच गायला लागायचं. स्पीकर काय म्हणतोय आणि फर्निचर काय म्हणतंय, वेगळं करता यायचं नाही. पण तुम्हाला काय, तुम्हाला तेच आवडायचं!

मनकर्णाबाई माहितीयत? कशा असतील — तुझ्या फोनवर नाहीत त्या. देवगाव रंगारीच्या. एकतारीवर भजन म्हणतात, आणि आवाज असा खोल की विहिरीत वाकून ऐकल्यासारखं. किती खेपा घातल्या मी तिकडं, तेव्हा कुठं तयार झाल्या. मागच्या आठवड्यात रेकॉर्ड केलं, काल ऐकायला बोलावलं. स्वतःचाच आवाज डोळे मिटून ऐकत होत्या, मान हलत होती — मी तर हवेतच. मग डोळे उघडले, म्हणाल्या, "त्येच्या खाली ह्ये निळं काय घातलंय गं?" आणि मी — काय ती फुशारकी — म्हटलं, "चपला, आजी! स्वस्तात काम."

त्यांनी एकतारीला खोळ घातली, गाठ मारली. मग म्हणाल्या, "देवाचं नाव पायतानावर ठिवलं व्हय? पुसून टाक त्ये."

हसतोस काय? मीही हसलेच होते. वाद घातला मी — नव्या आहेत, कुणी पाय घातला नाही, रबर म्हणजे रबर — विज्ञान शिकवायला निघाले त्या बाईला! तुम्ही लोक असेच, म्हणून इथं काही होत नाही — हेही म्हणाले. तोंडावर. मग त्या निघाल्या, मी मागं धावले, आणि वाटेत स्पीकरच्या खोक्याला पाय लागला माझा. रिकामं खोकं रे, पुठ्ठ्याचं! आणि हात आपोआप खाली गेला — खोक्याला लागला, कपाळाला लागला. त्या दारातून बघत होत्या. वळल्या, चालत्या झाल्या.

आणि चपलांची गरज तरी होती का? नव्हतीच! गादीवाल्याकडचा कडक फोम, त्यावर फरशीचा जड तुकडा, त्यावर स्पीकर — टेबल गप्प. हे मला आधीपासून ठाऊक होतं. हेच तर होतं इथं, व्हिडिओच्या आधी. पण फोम आणि फरशी कोण बघणार? चपला म्हटलं की लोक हसतील, एकमेकांना पाठवतील. पाठवलं की नाही? तू नाही पाठवलंस? मग!

बघू नकोस असा. आज सकाळी तळवे काढले, फोम घातला, फरशी ठेवली. मग त्यांची फाइल उघडली — उघडली म्हणजे नाव वाचलं नुसतं. ऐकली नाही. ऐकली असती तर पुसता आली नसती. पुसली. दुसऱ्या डिस्कवर होती, तीही पुसली. आता बसनं देवगावला निघालेय. माइक नेत नाही. त्या दारात उभं करतील की नाही, माहीत नाही.

तुझं गाणं? तुझा बास? ऊठ, मला कुलूप लावायचंय. आणि त्या चपला घेऊन जा — पायात घाल.