तीन टापांचं काळीज

या, असे जवळ बसा. आपल्या नारीन गावच्या दवाखान्यात पडद्याआडून कानी पडलेली एक गोष्ट सांगतो. आत उरुमकान आजी पलंगावर होती, उशाशी तिचा नवरा, घोडे राखणारा म्हातारा, आणि तरुण डॉक्टरीण नळी लावून तिची छाती ऐकत होती.

"आजी, यंदा वरच्या कुरणावर जायचं नाही. चहा-पाणीसुद्धा मोजून प्यायचं."

"घ्या! पोरगी माझा चहाही तोडायला निघाली. मग दुभत्या घोड्यांचं दूध कोण काढणार, हा म्हातारा?"

"पोरी, तुम्हा डॉक्टरांना सगळ्यांतच दुखणं दिसतं."

"मग बाबा, तुम्हीच ऐका. नळ्या कानात घाला. धडधाकट काळजाचे ठोके दोन-दोन पडतात."

"इथे तीन आहेत की. टपटप-टप. टपटप-टप."

"जन्मभर घोडे राखले. याला माझ्या छातीतही घोडीच ऐकू येणार!"

"गप, म्हातारे. पोरी, ही तर दौडतेय."

"हो बाबा, पडल्यापडल्या दौडतेय. आम्हीही याला घोड्याची दौडच म्हणतो."

"ऐकलंस ना गं? दौडून आलेल्या घोडीला आपण लगेच पाणी पाजतो का?"

"नाही."

"मग काय करतो?"

"खोगीर उतरवतो, खुंट्याला बांधतो. थंड होईपर्यंत."

"तेच करायचं आता."

"आणि थंड झाल्यावर, हो?"

पडद्याआड म्हाताऱ्याने नळ्या कानातून काढून ठेवल्या.

शुक्रवारी मशिदीत इमामसाहेब सुरात प्रवचन देतील. ते संपल्यावर दुआला हात उचलाल, तेव्हा माझ्यासाठी एवढं करा, उरुमकानचं नाव घ्या.