अमीनचा बिल्ला

(जन्मनोंदणीच्या कचेरीतला बाक. समोर खिडकी, खिडकीआड कारकून बाई. बाकावर लेक, तिच्या मांडीवर अकरा दिवसांचं बाळ. शेजारी तिचे अब्बा, दोन्ही हात कोटाच्या खिशात.)

लेक: पुटपुटू नका हो अब्बा, नीट सांगा. मला ऐकू तर येऊ दे.

अब्बा: रेयान. झैन. फैज. जुबेर. चौदा नावं काढलीत. दोन दिवस बसलो होतो. सगळी चांगल्या अर्थाची, तोंडात बसणारी.

लेक: आणि पंधरावं?

अब्बा: पंधरावं नाही.

लेक: आहे. मी फॉर्मवर पेन्सिलीनं लिहूनसुद्धा ठेवलंय. अमीन.

अब्बा: खोड ते.

लेक: का पण?

अब्बा: जुनाट नाव आहे. आमच्या वेळी गल्लीत दगड मारला तर अमीनलाच लागायचा. माझ्या एका वर्गात तिघं होतो. उंच अमीन, गोरा अमीन आणि मी. मास्तरांनी हाक मारली की तिघं उभे राहायचे. मास्तर डोकं धरून बसायचे बिचारे.

लेक: आणि तुम्ही कुठले अमीन?

अब्बा: दप्तर अमीन.

लेक: म्हणजे?

अब्बा: खेळायला जाताना सगळी कार्टी आपापली दप्तरं माझ्यापाशी टाकून जायची.

लेक: बघा!

अब्बा: काय बघा? मला कधी खेळायलाच मिळालं नाही, ते बघ.

कारकून बाई: छत्तीस नंबर! अहो बाकावरच्या, तुमचा कितवा?

लेक: सदतीस, बाई.

कारकून बाई: मग नावाची जागा पेनानं भरून ठेवा. पेन्सिल चालत नाही इथं. दीडला खिडकी बंद होते. आज नाव घातलं नाहीत तर नुसतं 'मुलगा' म्हणून चढेल, मग बसा हेलपाटे घालत.

लेक: भरते, भरते. ऐकलंत ना अब्बा? तुम्ही नको म्हणालात तर मी लिहिणार नाही. आमच्या यांनाही मी तसंच सांगितलंय. पण मला खरं कारण हवं. जुनाट आहे, हे काही कारण नाही झालं.

अब्बा: आई काय म्हणाली?

लेक: आई म्हणाली, त्यांनाच विचार, मी त्या वाटेला जात नाही. अब्बा, अर्थ तरी सांगा नावाचा.

अब्बा: तुला माहीत आहे.

लेक: तुमच्या तोंडून ऐकायचाय.

अब्बा: अगं, ज्याच्यापाशी आपली वस्तू बिनघोर ठेवावी आणि पाठ फिरवून निघून जावं, तो अमीन. अरबी शब्द. आपण अमानत म्हणतो ना, सांभाळायला दिलेली ठेव, तो याच घरचा. पैगंबरांना पैगंबरी मिळण्याआधीसुद्धा लोक याच नावानं ओळखायचे, म्हणून मुलांना ठेवायला लागले. इतकं जुनं आहे. आणि इतकं जड.

लेक: जड कसलं? किती गोड अर्थ आहे!

अब्बा: गोड ऐकणाऱ्याला. ज्याला ते घेऊन जगायचंय त्याला विचार. झैन म्हणजे देखणेपणा; ते नाव असेल आणि पोरगं दिसायला बेताचं निघालं, तर कुणाचं काही बिघडत नाही. अमीनची एक चूक झाली की लोक आधी नाव आठवतात.

लेक: कुठली चूक?

अब्बा: चल, जुबेर लिही. जुबेर छान आहे.

लेक: अब्बा, आज अकरा दिवस झाले. तुम्ही याला एकदाही हातात घेतलेलं नाही. आई म्हणते, मान धरत नाही म्हणून घाबरतात. तुम्ही आणि घाबरणार? मला म्हणे एका हातावर आडवी घेऊन आंघोळ घालायचात! शेजारच्या काकू चावी ठेवायला आल्या की तुम्ही दार लावून घेता. त्या दिवशी पाहुण्यांची छत्री कोपऱ्यात राहिली, तर तुम्ही पावसात त्यांच्या मागे धावलात. मला आपलं वाटायचं, विक्षिप्तपणा आहे एकेकाचा. पण तसं नाहीये ना ते?

अब्बा: हळू बोल. बाई बघतायत.

लेक: बघू दे.

अब्बा: तू सहा वर्षांची होतीस. स्टँडवरच्या क्लोकरूममध्ये मी होतो तेव्हा. सामान ठेवलं की पितळी बिल्ला द्यायचा, बिल्ला दाखवला की सामान परत. नियम असा होता. पण मी बिल्ला मागायचोच नाही कुणाकडे. चेहरा बघायचो आणि फळीवरून बरोब्बर त्याची बॅग काढून द्यायचो. लोक तोंडात बोटं घालायचे. फार मिरवायचो मी.

लेक: हे माहीत आहे मला. आई अजून सांगते.

अब्बा: एक दिवस एक शिंपी आला. हातात पत्र्याची पेटी. आत त्याच्या आईची वही. तीस वर्षांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची मापं तिनं हातानं लिहिलेली. आई नुकतीच गेली होती आणि दोघा भावांत त्या वहीवरून जुंपली होती. वही ज्याच्याकडे, दुकान त्याचं. म्हणाला, संध्याकाळपर्यंत ठेवा. मी बिल्ला पुढे केला, तर म्हणाला, कशाला? पाटीवर तुमचं नाव वाचलं मी, तेवढं पुरे. मी म्हटलं, असू द्या, नियम आहे. पण आतून असा फुगलो होतो की काय सांगू.

लेक: मग?

अब्बा: तीनच्या सुमाराला तो परत आला. तेच नाक, तेच खांदे, तीच मान तिरकी करून बघायची लकब. पेटी द्या म्हणाला. मी हसत हसत काढून दिली. बिल्ला मागितला नाही.

लेक: अगं बाई! भाऊ होता?

अब्बा: धाकटा. पाच वाजता खरा आला. काउंटरवर बिल्ला ठेवला, एक्केचाळीस नंबर, आणि उभा राहिला. ओरडला असता, दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं. फळीवरची रिकामी जागा बघितली त्यानं. मग पाटीकडे बघितलं. बिल्ला उचलून खिशात टाकला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवली. तेव्हापासून मी नुसता क्लोकरूमवाला.

लेक: आणि वही? ती कायमची गेली?

अब्बा: गेली कसली! सहा महिने दर रविवारी त्या धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहायचो. शिव्या घातल्या, कुत्रं अंगावर सोडलं. तरी जायचोच. शेवटी वैतागला आणि वही माझ्या अंगावर फेकली, ने बाबा म्हणाला. मी तशीच मोठ्याकडे नेऊन दिली.

लेक: काय म्हणाला तो?

अब्बा: एक अक्षर नाही. वही उघडून पानं मोजली, छातीशी धरली. मग आत गेला आणि हा बिल्ला आणून माझ्या हातावर ठेवला. दार लावून घेतलं. माझी चूक मला परत केली त्यानं. तेव्हापासून खिशात आहे.

लेक: बघू. अय्या, किती गुळगुळीत झालाय! अब्बा, एक विचारू? क्लोकरूममध्ये गिऱ्हाईक बिल्ला परत कधी देतं?

अब्बा: सामान मिळाल्यावर.

लेक: मग?

अब्बा: मग काय?

लेक: चूक काय परत केली? सामान मिळालं, म्हणून बिल्ला दिला त्यानं! सहा महिने सांभाळून ठेवला होता. तुम्ही आणून द्याल याची खात्री नसती तर कुठल्या गटारात फेकला असता. वीस-बावीस वर्षं तुम्ही तो खिशात घेऊन हिंडताय आणि तुम्हाला एवढं कळू नये?

अब्बा: दे... दे तो बिल्ला इकडे. बघू दे मला.

लेक: अब्बा? अहो, डोळे पुसा. बाई खरंच बघतायत आता.

कारकून बाई: बघत नाहीये, ऐकतेय. कान आहेत ना मला. आज सकाळपासून तीन रेयान लिहिलेत आणि दोन झैन. मागच्या दोन वर्षांत या खिडकीवर अमीन आल्याचं मला काही आठवत नाही. जुन्या रजिस्टरांत मात्र पानागणिक एक सापडेल. आणि पूर्वी कचेऱ्यांतून हा हुद्दाच असायचा, ज्याच्या भरवशावर जमिनीची मोजणी नि वसुली सोडावी असा माणूस. तेव्हा काय ते ठरवा. सदतीस नंबर! दीडला पाच कमी आहेत.

लेक: आले! अब्बा, शेवटचं विचारते. लिहू का खोडू?

अब्बा: आणि चुकला तर गं हा? मोठेपणी?

लेक: चुकेल की. कुत्रं अंगावर येईपर्यंत दारात उभं राहायला तुम्ही शिकवा त्याला.

अब्बा: पेन आहे का तुझ्याकडे?

लेक: आहे.

अब्बा: ठसठशीत लिही मग. पेन्सिलीवरून गिरव.

लेक: मग याला धरा जरा. बाईंना सही हवी, अंगठाही हवा, माझे दोन्ही हात लागतील. असा हात मानेखाली घ्या. घेताय ना?

अब्बा: थांब, थांब. अशी देऊन कुठं निघालीस? हा घे, बिल्ला घेऊन जा.

लेक: अब्बा, आत्ता?

अब्बा: नियम आहे. एक्केचाळीस. हां, आता दे त्याला. केवढासा जीव... हलकाच आहे की गं.

कारकून बाई: बाळाचं नाव?

लेक: अमीन.

कारकून बाई: इथं सही. इथं अंगठा. हे बिल्ल्याचं काय मध्येच? उचला तो, कागद सरकतोय.

लेक: माझाच आहे. झालं ना बाई? चला अब्बा, चढलं नाव. आणा त्याला इकडे.

अब्बा: बिल्ला?

लेक: अहो अब्बा, आई आहे मी त्याची!

अब्बा: असशील. बिल्ला बघितल्याशिवाय अमीन कुणाला काही देत नाही.