तीन हाका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती हवालदारसाहेब, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, आणि गावांतून मुद्दाम आलेल्या बंधू-भगिनींनो,

अध्यक्षांनी मला पाच मिनिटं दिली आहेत आणि घड्याळ काढून समोर ठेवलंय. माझी ख्याती त्यांच्या कानावर गेलेली दिसते.

हवालदारसाहेबांना चौकीवर सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. नाक्यावरून त्यांनी हाक दिली की पलीकडच्या टेकडीवरचं जनावरसुद्धा उभं राहायचं. वहिनी हसताहेत. घरीही तोच आवाज का हो? असो.

त्या आवाजाला तेव्हा काम होतं. बंडखोर जोरात होते, आणि नियम असा होता की नाक्याकडे येणाऱ्याला तीनदा हाक द्यायची, दर हाकेनंतर दहापर्यंत मोजायचं, मगच बंदूक उचलायची. एका महिन्यात हे आकडे मोजता मोजता आमचे दोन जवान गेले. त्यांच्या आईबापांना पत्रं मीच लिहिली. पोरं मला विचारायची, साहेब, हात बांधून आम्हाला लढायला का पाठवता? तुकडीचा प्रमुख होतो. वर भांडून नियम सैल करून घेतला. एकच हाक, आणि माणूस थांबला नाही तर गोळी.

हुकूम वाचून दाखवला त्याच दुपारी हवालदारसाहेब माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “साहेब, तो गिरणीवाला आहे ना, त्याला एका हाकेत ऐकू जात नाही. त्या घरघरीत बसून बसून कान गेलेत त्याचे. मी तिसरी हाक देतो तेव्हा कुठे मान वर करतो.”

मी सह्या करत होतो. मान वर न करता म्हणालो, “मग काय, एका गिरणीवाल्यासाठी नियम लिहायचे का आता?” खोलीतले दोघं-तिघं हसले. मीही हसलो.

नियम सैल केले की बंड मोडतं का, असा प्रश्न मला अजूनही लोक विचारतात. पहिला महिना शांत गेला, हे खरं. मीही वर कळवून टाकलं, नवा नियम लागू पडतोय. प्रत्यक्षात लोक रस्त्यावर यायचेच बंद झाले होते, आणि त्यांच्याबरोबर खबरही. पूर्वी भाजीची टोपली उतरवता उतरवता एखादी मावशी हळूच सांगून जायची, अमक्या वळणावर माती उकरलेली दिसतेय. आता कोण सांगणार? पुढच्या तीन महिन्यांत सुरुंगांनी आमचे नऊ जवान नेले.

एकाच नाक्यावर खबर येत राहिली. तिथे हवालदारसाहेब हुकूम मोडून तीनदा हाक देत होते. मी त्याचं बक्षीस काय दिलं? गोपनीय अहवालात शेरा मारला, ‘आदेशपालनात कुचराई’. म्हणून आज हे गृहस्थ हवालदार म्हणूनच निवृत्त होताहेत. वहिनी, तो शेरा माझ्या हातचा.

खरं सांगायचं तर इथपर्यंतच बोलायचं ठरवून आलो होतो. स्वतःला थोडं झोडपून घ्यायचं, टाळ्या घ्यायच्या आणि बसायचं. पण मघाशी चहाच्या वेळी हवालदारसाहेबांनी एका बाईंची ओळख करून दिली. “साहेब, या गिरणीवाल्यांच्या कन्या. मीच बोलावलंय.” एवढंच बोलले. त्या तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसल्या आहेत.

ताई, तुमचे वडील गेले ते दुसऱ्या नाक्यावर. भर सकाळी, खांद्यावर गिरणीचा नवा पट्टा गुंडाळून घेऊन येत होते. त्यांना एक हाक दिली गेली. ज्याने गोळी झाडली तो मी दिलेल्या नियमाप्रमाणेच वागला. चौकशीच्या कागदावर लिहिलंय, ‘इशारा देऊनही थांबला नाही, हालचाल संशयास्पद.’ त्या एका ओळीपायी गावाने तुम्हाला इतकी वर्षं बंडखोराची मुलगी म्हटलं, आणि तुमचा भाऊ त्याच महिन्यात खरोखरच बंडखोरांना जाऊन मिळाला, हे तुम्ही मघाशी कप हातात धरून सांगितलंत.

ती ओळ मी लिहिली. ती खोटी आहे. तुमच्या वडिलांना हाक ऐकूच आली नव्हती, आणि त्यांना ऐकू येत नाही हे लिहिताना मला माहीत होतं. मला लाज वाटते, ताई. हे सगळं उद्या मी लेखी देणार आहे. अध्यक्ष महोदय, आपण साक्षीला आहात.

घड्याळ केव्हाच पुढे गेलंय, दिसतंय मला. आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, त्यांचे आभार. वहिनी आणि हवालदारसाहेबांना उदंड आयुष्य लाभो. बोलण्यातलं उणंदुणं सभेने पोटात घालावं. ताई, तुम्ही मात्र घालू नका.

आणि हवालदारसाहेब, त्या दुपारी दारात उभं राहून तुम्ही मला एकदाच सांगितलं होतंत. माझे कान शाबूत होते.

नमस्कार.