हंसाताईंच्या जागी

समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टर प्रतीक्षाताई, मंचावरचे मान्यवर, नवापूरहून आलेली हंसाताईंची माणसं, सरावलीहून आलेल्या वैभवीताई आणि माझ्या सहकाऱ्यांनो, आपणा सर्वांना नमस्कार.

हंसा सिस्टर आज निवृत्त होत आहेत. मी इथली प्रयोगशाळा सांभाळते, तेव्हा रक्ताबद्दलच बोलेन.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये, लशीचे दोन्ही डोस झाल्यावर, आपल्या कर्मचाऱ्यांची अँटीबॉडी तपासणी झाली. आठवतं ना? परीक्षेचा निकाल लागावा तसे सगळे एकमेकांचे आकडे विचारत होते. सर्वांत मोठा आकडा कैलास ब्रदरचा, म्हणजे वैभवीताईंच्या यजमानांचा. त्याला आधी एकदा कोविड होऊन गेला होता. हंसाताईंचा आकडा जवळपास शून्य. सांध्यांच्या दुखण्यावर त्या ज्या गोळ्या घेत, त्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती दबते.

"ताई, भोपळा घेतलात. बाकावर उभ्या राहा आता," कैलास म्हणाला.

"गप रे. सुई धरायला मीच शिकवलंय तुला."

मग दुसरी लाट आली आणि आपण एक पद्धत पाडली. मोठा आकडा असेल त्याने कोविड वॉर्डात जायचं, कमी असेल त्याने बाहेर थांबायचं. सक्ती कुणी केली नाही. सगळ्यांना ते न्यायाचं वाटलं. हा आकडा म्हणजे चिलखत नव्हे, हे आपल्याला ठाऊक होतं. पण भीतीत माणसाला धरायला काहीतरी लागतं. हंसाताईंच्या वॉर्डातल्या ड्यूट्या कैलासने मागून घेतल्या.

एप्रिल संपता संपता तो त्याच वॉर्डात रुग्ण म्हणून दाखल झाला.

हंसाताई किट घालून दाराशी आल्या. प्रतीक्षाताईंनी त्यांना अडवलं. "सिस्टर, तुमच्या अंगात काहीच नाहीये. आत जाऊ नका."

"माजीच ड्यूटी हाय ती, मॅडम. तो करत होता, एवढंच."

त्या आत गेल्या. कैलासला धाप लागली होती. तरी म्हणाला, "ताई, बाहेर जा."

"बोलू नको. दम लागतो."

तो जाईपर्यंत त्या त्याच्याजवळ होत्या. त्यांना साधा तापही आला नाही. का? अध्यक्ष महोदया, इतकी वर्षं रक्त तपासूनही मला ते सांगता येत नाही.

वैभवीताई, त्यानंतर हंसाताई तुमच्या घरी कधी आल्या नाहीत. कुठल्या तोंडाने जाऊ, असं त्या आम्हाला विचारत.

काल मी त्यांना म्हटलं, "उद्या सभेत सांगणार आहे मी, कैलास तुमच्या जागी गेला नाही. त्या दिवसांत लागण कुणालाही, कुठेही होत होती."

त्यांनी हात पुसले. मग म्हणाल्या, "तसं नका बोलू, मॅडम. माज्या जागी गेला, म्हणून तर माजा कोणीतरी हाय तो. नायतर मी त्याची कोण?"

म्हणून ते विधान मी मागे घेते.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर हंसाताई आणि वैभवीताई, तुम्ही दोघींनी मिळून मला क्षमा करावी.