कोरा पेला

(रविवारची सकाळ. स्वयंपाकघरातलं टेबल. ताई, तिचा नवरा आणि नुकताच दारात आलेला तिचा धाकटा भाऊ. भाऊ तिच्या नवऱ्याला दाजी म्हणतो.)

ताई : खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो! नाही खाल्लं मी मीठ.

दाजी : तुझी झडली तरी भागेल. माझी झडून चालायची नाही, जिभेवर पगार आहे माझा.

धाकटा : अहो, मला आत तरी येऊ द्या. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतंय तुमचं. कुणी खाल्लं मीठ?

ताई : बघ ना रे! काल डॉक्टरांकडे गेलो होतो. रक्तदाब जिथल्या तिथे. महिना झाला मीठ सोडून, गवत उकडून खावं तसं जेवतेय मी. आणि डॉक्टर म्हणतात, "बाई, कुठून तरी मीठ पोटात जातंय." झालं! घरी आल्या आल्या ह्यांनी कपाटं उपसायला काढली.

दाजी : मग काय करू? डॉक्टर खोटे, त्यांचं यंत्र खोटं, तू तेवढी खरी?

ताई : डब्यांच्या मागे बघितलं, गादीखाली बघितलं. कशासाठी, तर मी काकड्यांची बरणी लपवलीय म्हणून! तुमच्याच फॅक्टरीतली, खारवलेली!

धाकटा : ताई, खरं सांग. एखादी काकडी? चुकून?

ताई : तूसुद्धा? अरे, लेकीचे दिवस भरत आलेत. पहिलंच बाळंतपण, परक्या गावात, घरात मोठं माणूस नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पुढच्या तपासणीला दाब उतरला नाही तर एवढ्या लांबचा प्रवास विसरा. आणि एका काकडीपायी मी ते घालवीन? वेड लागलंय का मला?

दाजी : बरं, रडू नकोस.

ताई : रडत नाहीये. चिडलेय.

दाजी : दोन्हीत तुझं नाक सारखंच लाल होतं.

धाकटा : दाजी, गप्प बसा हो जरा. ताई, चहा तरी दे.

ताई : देते. आणि तुला सांगू? चूक ह्यांचीच आहे. घरातलं प्रत्येक पातेलं आधी ह्यांच्यापुढे जातं. फॅक्टरीत चाखतात ना, म्हणून घरातही ह्यांची जीभ म्हणजे हायकोर्ट. आता मीठ कुठून तरी येतंय आणि हायकोर्टाला पत्ता नाही. म्हणजे जीभ कामातून गेली.

दाजी : जीभ गेली? माझी? आयुष्यात पहिल्यांदा जीभसुट्टीवर आहे मी!

धाकटा : म्हणजे खरंच घेतलीत? फॅक्टरीत आमच्या पंपावर पैजा लागल्या होत्या. तुम्ही काही चाखायची खुर्ची सोडत नाही म्हणून.

दाजी : सोडली कसली, सोडवली. प्रयोगशाळेत नव्या बाई आल्यात ना, त्यांनी. नियमच आहे म्हणाल्या, चाखणाऱ्यानं वर्षातून महिनाभर आपल्या मालाला जीभ लावायची नाही, नाहीतर ती बधिर होते. मी म्हटलं, बाई, इतक्या वर्षांत मी कधी सुट्टी घेतली नाही. तर म्हणतात कशा, "ते बरणी उघडल्यावर कळतंच."

ताई : मला आवडल्या बुवा त्या बाई.

दाजी : तुला आवडणारच.

धाकटा : हे बघा, भांडू नका. फॅक्टरीत तुमची परीक्षा घेतात तशी आपण इथेच घेऊ. पेले मांडू. दाजींना ओळखता आलं तर जीभ शाबूत, मग ताई चोर. नाही आलं तर ताई सुटली.

ताई : मांड. आत्ताच्या आत्ता मांड.

दाजी : मांडा, मांडा. पण रीतसर. चार पेल्यांत कमीजास्त मीठ आणि एक कोरा, नुसत्या पाण्याचा. मी कमीकडून जास्तीकडे रांग लावणार आणि कोरा उपडा घालणार. आणि मध्ये चूळ भरायला पाणी लागतं.

धाकटा : पेले संपले की तुमच्याकडचे. चूळ माझ्या बाटलीतल्या पाण्यानं भरा. भिंतीकडे तोंड करा आणि वळून बघू नका.

दाजी : चमच्याचा आवाज ऐकू येतोय मला.

ताई : कान बंद करा. परीक्षा जिभेची आहे. हं, या पेल्यात चिमूट. यात जरा जास्त. यात अजून. यात अर्धा चमचा, मग बघू कसं तोंड करतात. आणि हा कोरा. फिरव रे धाकट्या, जागा बदल. झालं! वळा.

दाजी : आधी चूळ. हं. आता हा... ओहो, काय गं, मला मारायचं ठरवलंयस का? हा शेवटी. हा त्याच्या आधी. पुन्हा चूळ. हा तिसरा. हा इकडे ठेव, हा दुसरा. आणि हा... हा पहिला.

धाकटा : अचूक! पण पहिला नाही दाजी, तो कोरा. उपडा घाला.

दाजी : कोरा नाहीये हा.

ताई : कोराच आहे.

दाजी : थांब. पुन्हा चूळ भरतो. हं... नाही. कमी आहे, पण आहे. यात मीठ आहे.

ताई : गेली! बघितलंस? गेली जीभ! मी म्हटलं होतं! सरळ विहिरीतून काढलंय पाणी, मिठाचा हातसुद्धा लावला नाही त्याला. आता तरी कबूल करा!

दाजी : चमचा तोच होता का?

ताई : ह्यात चमचा घातलाच नाही.

दाजी : पेला धुतलेला होता?

धाकटा : मी धुतला, दाजी. शपथेवर.

ताई : अहो, असं तोंड पाडून बसू नका. होतं वयानं. मी काही हसत नाहीये. म्हणजे हसले, पण तेवढ्यापुरतं.

दाजी : धाकट्या, ही तुझी बाटली कुठली?

धाकटा : घरची. आमच्याकडच्या नळाची, पुलापलीकडची.

दाजी : हिच्याच पाण्यानं एक पेला विसळ आणि त्यात हिच्यातलं ओत. आता तू ये इकडे. आधी हे पी. मग तो कोरा. आणि काय लागतंय ते सांग.

ताई : मी? मला काय कळतंय त्यातलं?

दाजी : महिनाभर बिनमिठाचं तू खाल्लंयस. तुलाच कळेल. पी.

ताई : हं. हे गोड आहे, चांगलं आहे. आता कोरा... अगं बाई!

धाकटा : काय झालं?

ताई : खारट आहे रे. थोडं. पण आहे. पिऊन बघ.

धाकटा : बघू. ...आहे की. रोज कसं कळलं नाही तुम्हाला?

दाजी : कसं कळणार? सुट्टीआधी फॅक्टरीच्या मिठानं जीभ बधिर, आणि आता महिनाभर घरी रोज तेच पितोय, त्यातच शिजतंय, त्यानंच चूळ भरतोय. दुसरं पाणी जिभेला लागलंच नव्हतं. आज तुझ्या बाटलीनं तोंड धुतलं म्हणून सापडलं.

ताई : मला कळलं होतं. गेल्या वर्षी मी म्हटलं होतं, पाणी मचूळ लागतंय. तर तुम्ही काय म्हणालात?

दाजी : म्हणालो, मला शिकवू नकोस.

ताई : आणि मीही येडी, गप्प बसले. म्हटलं, ह्यांना कळतं. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच पाणी पितेय, आणि मिठाचा डबा वर फळीवर नेऊन ठेवलाय! डॉक्टर सांगतात, भरपूर पाणी पीत जा. मी दोन तांबे जास्त प्यायला लागले!

दाजी : म्हणूनच डॉक्टर हसत म्हणाले ना काल, तुमच्या गल्लीत रक्तदाबाची साथ आलीय की काय. पाच घरं या विहिरीचं पाणी पितात.

ताई : आणि मागच्या लिंबाची पानं कडेनं करपली, तर मी ऊन समजून फडकं बांधलं त्याला. पण विहिरीत मीठ टाकलं कुणी?

दाजी : धाकट्या, तू खिडकीतून त्या भिंतीकडे काय बघतोयस?

धाकटा : काही नाही.

ताई : तुझा चेहरा बघ. लहानपणी काच फोडायचास तेव्हा असाच व्हायचा.

धाकटा : ताई... आमचा खड्डा तुमच्या भिंतीपलीकडेच आहे.

ताई : कसला खड्डा?

धाकटा : काकड्या खारवून झाल्या की ते खारं पाणी माझ्या पंपावरून खड्ड्यात जातं. तिथून टँकरनं शुद्धीकरणाला न्यायचं. खाली जाड प्लॅस्टिक अंथरलेलं असतं, जमिनीत मुरू नये म्हणून. गेल्या वर्षापासून पाणी आपोआप कमी व्हायला लागलं. टँकरच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या. साहेबांनी सगळ्यांसमोर माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

दाजी : मी होतो तिथे. मीही वाजवल्या.

ताई : आणि पाणी कमी होतंय कशानं, हे कुणी विचारलं नाही?

धाकटा : मीच सांगत होतो ना सगळ्यांना, उन्हानं आटतंय! छाती पुढे काढून सांगत होतो.

ताई : पावसाळ्यातसुद्धा उन्हानंच आटत होतं का रे?

धाकटा : ...पावसाळ्यातसुद्धा उतरत होतं, ताई. मी बघत होतो आणि खूश होत होतो. प्लॅस्टिक फाटलंय गं. नक्की फाटलंय. तुझ्या रक्तदाबाला मीच पंप मारत होतो.

ताई : ए, पुरे. आता तू रडू नकोस, तुझंही नाक लाल होतं. मला एवढंच कळतंय की मी खोटी नव्हते. खोटी नव्हते मी! महिनाभरात पहिल्यांदा बरं वाटतंय मला.

दाजी : मी गादीखाली बघायला नको होतं.

ताई : नकोच होतं. पण आता मोकळेपणी बसा. हा सगळा चहा मोरीत ओतते, त्याच पाण्याचा आहे.

धाकटा : मी जातो. आधी पंप बंद करतो, मग साहेबांच्या घरी. रविवार असला तर असला.

दाजी : थांब, मीही येतो. हा कोरा पेला दाखवतो त्यांना. आणि प्रयोगशाळेच्या बाईंना फोन करतो. पाणी तपासायची रीत त्यांनाच माहीत आहे. उद्यावर ढकललं की साहेब म्हणतील, बघू.

धाकटा : नोकरी गेली माझी तर?

दाजी : खड्डा बंद होईल, फॅक्टरी नाही. आणि काही बोलले तर सांगेन, टाळ्या आपण सगळ्यांनी मिळून वाजवल्यात. पण लपवलंस आणि नंतर कळलं तर मीसुद्धा तुझ्या बाजूनं उभा राहणार नाही.

धाकटा : लपवत नाहीये. लपवायचं असतं तर आत्ता बोललो असतो का? चौकातल्या सरकारी नळाचे दोन कॅन आधी ताईला आणून देतो.

ताई : दोन नाही, पाच. पलीकडे तान्हं मूल आहे, वर आजोबा आहेत. आणि विहिरीची मोटर बंद कर जाता जाता. मी सगळ्यांची दारं वाजवून सांगते.

धाकटा : नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून तूच नाक मुरडायचीस.

ताई : आता मुरडणार नाही. जा, पळ!

दाजी : गेला. चपला उलट्या घालून गेला.

ताई : भला आहे हो पोरगा. आतून हललाय. जरा सांभाळून घ्या त्याला साहेबांपुढे.

दाजी : घेतो. ए... डॉक्टरांना आजच फोन करू. पाणी बदललं की उतरेल तुझा दाब.

ताई : उतरेल ना? पण दिवस किती थोडे राहिलेत! नाही उतरला तर? ती एकटी पडेल हो.

दाजी : नाही उतरला तर मी जातो.

ताई : तुम्ही?

दाजी : मग काय झालं? सुट्टी वाढवून घेईन. बाई हसत हसत देतील.

ताई : अहो, तान्हं बाळ हातात घेतलंय का कधी? आपली झाली तेव्हा लांबूनच बघत होतात, हात मागे बांधून.

दाजी : भीती वाटायची. पडेल म्हणून.

ताई : आणि आता?

दाजी : आताही वाटते. तू शिकव ना. धाकटा कॅन घेऊन येईपर्यंत वेळ आहे.

ताई : खरंच? थांबा, हा टॉवेल गुंडाळते. हं, दोन्ही हात पुढे करा. असे ताठ नाही हो, सैल. एक हात खाली... हं. आता मान सांभाळा.